अठरा प्लसचा डबा

तीस वर्षांच्या नोकरदार बाईने स्वतःसाठी खेळणं विकत घ्यावं की नाही, यावर नंदुरबारात बरीच मतं आहेत. मी त्यातलं एकही विचारलं नव्हतं. मोबाइलवर दिसलं, आवडलं, मागवलं.

खेळणं म्हणजे प्लास्टिकच्या बारीक ठोकळ्यांचा संच. एकात एक ठोकळे बसवत गेलं की शेवटी जुन्या काळचा टीव्ही तयार होतो. शेजारी व्हिडिओ गेमचा डबा, त्यात घालायची कॅसेट आणि वायरीचा रिमोट, तेही ठोकळ्यांचेच. टीव्हीच्या कडेला एक हँडल असतं. ते फिरवलं की पडद्यावरची जमीन सरकते आणि एक ठेंगणा माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत पुढे जातो. असे संच जमवणारे लोक जगभर आहेत. त्यातले काही तर डबा फोडतही नाहीत, तसाच कपाटात ठेवतात. मी त्यातली नाही. ज्या वस्तूला हात लावायचा नाही ती घरात आणायचीच कशाला?

तो गेम मी लहानपणी खेळले होते. खरं म्हणजे दादा खेळायचा आणि त्याची शेवटची ‘लाईफ’ कधी संपते याची वाट बघत मी शेजारी बसायचे. मामांनी तो सुरतेहून आणला होता. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं, आणि लावली की तेच पाच-सहा गेम नावं बदलून पुढे यायचे. अडली की काढून फुंकर मारायची. माझा नंबर यायचा, मी मजल दरमजल करत शेवटच्या किल्ल्याच्या दारात पोचायचे आणि लाईट जायची. भारनियमनाचा काळ होता. गेम अर्धा ठेवून उद्या पुढे न्यायची सोय नव्हती. लाईट आली की पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात. त्या किल्ल्यात काय होतं ते मी कधी पाहिलंच नाही.

आज मी वीज कंपनीत इंजिनिअर आहे. कोरीट, धानोरा या बाजूच्या लाइनी माझ्याकडे असतात. नोकरीच्या मुलाखतीत मी लोकसेवा वगैरे छान छान सांगितलं होतं. खरं कारण तो किल्ला होता.

आमच्या गल्लीत कुरिअरवाले हमखास चुकतात, म्हणून मी पत्ता अण्णांच्या पथारीचा दिला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा मिरचीचा धंदा. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर ओली लाल मिरची वाळत घालतात, तिला आमच्याकडे पथारी म्हणतात. बाया देठ खुडतात, अण्णा माल निवडून पोती भरून घेतात. नंदुरबारचा माणूस शिंकला की सर्दीचं औषध सुचवण्याआधी कुठल्या पथारीवरून आलास ते विचारतात.

तर डबा येईना. मोबाइलवर ‘पोचला’ असं दिसत होतं. मी अण्णांना विचारलं, ते म्हणाले, नाही आलं काही. अण्णा खोटं बोलत नाहीत. धंद्यात असूनही बोलत नाहीत, म्हणून आमच्या घराला मजला चढला नाही असं माय म्हणते. त्यामुळे मी सरळ कुरिअरच्या ऑफिसात गेले आणि काउंटरवर हात आपटून भांडले. नाकावर राग आहे माझ्या, ते मला माहीत आहे. तिथल्या माणसाने शांतपणे मोबाइल माझ्यापुढे धरला. डबा दिल्याचा पुरावा म्हणून त्यांनी फोटो काढला होता. फोटोत अण्णा होते. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा त्यांनी माझा डबा अंगापासून लांब धरला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्या माणसाची माफी मागितली आणि तो फोटो माझ्या मोबाइलवर मागून घेतला. अण्णांनी माझी वस्तू का लपवावी, ते काही केल्या कळेना.

त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा गुरांचा डॉक्टर, शहाद्याकडचा. स्थळ मोठ्या मामांनी आणलं होतं. आधी एकदा फोनवर बोलून घ्या, असं दोन्हीकडून ठरलं, आणि पहिल्याच फोनला त्याने मला विचारलं की पावसात तार तुटली तर खांबावर चढायला तुम्हाला माणूस मिळतो का. लग्नानंतर नोकरी करणार का, हा प्रश्न त्याने विचारला नाही. आधीच्या सगळ्यांनी तोच विचारला होता. मग त्याने आडव्या आलेल्या वासराची गोष्ट सांगितली, मी जळालेल्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, सांगितली. बोलणं संपेना. मला तो आवडला. आमच्याकडे हे मुलीने म्हणायचं नसतं, म्हणून मी मायला मुद्दाम स्पष्ट सांगितलं की हे स्थळ मला हवं आहे, दुसरी बघू नका.

आणि आता मायच मला सांगत होती की अण्णांनी मामांना फोन करून पाहुण्यांना थांबवायला सांगितलं आहे. कारण सांगत नाहीत. जेवताना मान वर करत नाहीत. माझ्याशी तर त्या दिवसांत ते बोललेच नव्हते, पण मिरचीचा हंगाम असला की ते कोणाशीच फार बोलत नाहीत, त्यामुळे माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. मायने हळूच विचारलं, तुझं दुसरीकडे कुठे काही आहे का? मी म्हटलं, असतं तर सांगितलं नसतं का? तिला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याचं काम आटोपून मी हेल्मेटसकट थेट पथारीवर गेले. बाया देठ खुडत बसल्या होत्या. अण्णा शेडच्या सावलीत उभे राहून हमालाला काहीतरी सांगत होते. मी विचारलं, “अण्णा, मन्हं खोकं कोठे शे?”

कोणतं खोकं, म्हणाले. मी मोबाइलमधला फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो पाहिला. मग शेडमध्ये गेले, कोपऱ्यातली रिकामी बारदानं उचलली, त्याखालचं आणखी एक पोतं सारलं आणि त्यांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळलेला डबा काढून खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “वर आठरा प्लस लिखेल शे. माले वाचता येस, बाई.”

वरचं खोकं प्रवासात एका कोपऱ्याला फाटलं होतं, चित्राची बाजू झाकलेलीच होती. आतला डबा काळाकुट्ट आणि कोपऱ्यात पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत १८+. ठोकळे बारीक, काम किचकट, लहान पोरांना जमायचं नाही, म्हणून कंपनी तसं छापते. पण अण्णांच्या पिढीला अठरा हा आकडा दोनच ठिकाणी भेटलेला. एक मतदानाच्या यादीत, दुसरा टॉकीजच्या दारावर, ‘फक्त प्रौढांसाठी’च्या पाटीवर. तसल्या सिनेमाला गेल्याबद्दल आमच्या धाकट्या काकांना आजोबांनी चाबकाने फोडलं होतं. तसला काळा डबा मुलीच्या नावाने आला. हमालांसमोर आला. फोडून बघायची त्यांची छाती झाली नाही आणि मला विचारायची तर त्याहून नाही.

मी आधी खो खो हसले. मग त्यांनी पाहुण्यांना का थांबवलं ते सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणाले, पोत्यात वर नवी मिरची आणि खाली जुनी, असं आपण कधी केलं नाही. चांगली माणसं आहेत, त्यांच्यापासून काही लपवून मुलगी कशी द्यायची? म्हणजे मी माल, आणि तोही खालच्या थरातला. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. बायांचे हात थांबले होते.

तिथेच पोती शिवायचं दाभण घेतलं, डब्याची चिकटपट्टी फाडली आणि त्यांच्या पायाशी ताडपत्रीवर सगळा डबा उपडा केला. प्लास्टिकच्या पिशव्याच पिशव्या. राखाडी, काळे, निळे, हिरवे ठोकळे आणि चित्रांचं एक जाडजूड पुस्तक. त्यात अक्षर जवळजवळ नाहीच. एका म्हातारीने एक पिशवी उचलून खुळखुळ वाजवली आणि म्हणाली, “हाई ते पोऱ्यासनं खेळणं शे वं माय.” बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अण्णा त्या पिशव्यांकडे बघत उभे राहिले. चेहऱ्यावर आधी सुटकेचा भाव आला, तो मी पाहिला. मग दुसरीच काळजी उमटली. तीस वर्षांची मुलगी, इंजिनिअर, आणि खेळणं?

घरी मायनेही तेच धरलं. पाहुण्यांना परत बोलावलं होतं, मामांना काहीतरी कारण सांगून झालं होतं, पण हा पसारा त्यांच्या नजरेस पडता कामा नये. पोरकट आहे म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत तिने साड्यांच्या खालचा कप्पा रिकामासुद्धा केला. मी म्हटलं, ज्याला मी हवी आहे त्याने मला टीव्हीसकट बघावं. माय म्हणाली, तुझ्या असल्या बोलण्यानेच लग्नाविना तीस वर्षांची झालीस.

मी ऐकलं नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी बैठकीच्या खोलीत चटई टाकून बसायचे. मायच्या सुपांत रंगाप्रमाणे ठोकळे वेगळे केले. ती पाखडायला सूप मागायची, मी म्हणायचे, आज चाळणी वापर. अण्णा पहिल्या दिवशी सगळं ओलांडून चहा घेऊन बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दारात उभे राहून चहा घेतला. मग एका सकाळी खाली बसले, पुस्तकातलं चित्र चष्मा लावून पाहिलं आणि सुपातला एक काळा ठोकळा उचलून, हा कुठे लागतो, असं मला विचारलं. कित्येक दिवसांत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून बोललेलं ते पहिलं वाक्य. माझा राग तिथेच संपला. मी दाखवलं, त्यांनी ठोकळा बसवला, नीट बसला की कट्ट आवाज येतो तो आला, आणि त्यांनी दुसरा उचलला.

त्या दिवसापासून आम्ही दोघं बसायला लागलो. ते चित्र बघायचे, मी ठोकळा शोधायचे. मला घाई, त्यांना नाही. एकदा मी एक थर उलटा चढवला आणि पाच पानं पुढे गेल्यावर ते लक्षात आलं. मी तसंच दामटायला निघाले होते, मागून कोण बघतंय? अण्णांनी ते सगळं सोडवायला लावलं. मधल्या वेळात ते मला माझ्या कामाचं विचारायचे. आठ वर्षं मी नोकरी करते आहे, फीडर म्हणजे काय हे त्यांनी त्या चटईवर पहिल्यांदा विचारलं. टीव्ही पुरा झाला तेव्हा पहिलं हँडल त्यांनीच फिरवलं. ठेंगणा माणूस उड्या मारत शेवटच्या किल्ल्यापर्यंत गेला. अण्णांनी पुन्हा फिरवलं. पुढे रोज पथारीवर जायच्या आधी चहा पिताना डाव्या हाताने ते हँडल फिरवत बसायचे, आणि कोणी बघितलं की थांबायचे.

पुढे ढकललेले पाहुणे मग एका रविवारी दुपारी आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. पाहुणे आले की आमच्या घरात सगळे एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागतात. त्यांच्याही घरात तीच रीत असावी. एरवी दोन्हीकडचे अहिराणीशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि त्या दिवशी अण्णा म्हणत होते, “आपण प्रवासाने दमला असाल.” शहादा ते नंदुरबार, तासाभराचा रस्ता! मामा तर शाळा तपासायला आल्यासारखे बोलत होते.

ठोकळ्यांच्या टीव्हीवर मायने विणलेला रुमाल टाकला होता. तेवढं मी चालू दिलं. पण त्याचा रिकामा डबा मी कपाटावर ठेवला होता, मायने आकड्याची बाजू भिंतीकडे केली होती, आणि पाहुणे यायच्या आधी मी ती पुन्हा फिरवली होती. उगाच नाही, मुद्दाम. आयुष्यभर कोपरे भिंतीकडे करून राहायचं असेल तर आत्ताच कळलेलं बरं, असं मला वाटत होतं. तरी पोह्यांच्या बश्या देताना मी काकांना दोनदा बशी दिली. ते स्थळ मला खरंच हवं होतं.

बश्या अर्ध्या झाल्या आणि लाईट गेली. खोलीतल्या प्रत्येकाने माझ्याकडे बघितलं. मुलगा हसू दाबत होता. मी म्हटलं, येईल, आज रविवारचं काम काढलं आहे. तेवढ्यात पंखा बंद झाल्यामुळे वारा घ्यायला काका खिडकीकडे सरकले आणि त्यांची नजर वर गेली.

“हे अठरा प्लस काय आहे?” त्यांनी विचारलं.

मुलाच्या वडिलांनी वर पाहिलं. त्याच्या आईने पाहिलं आणि लगेच बशीकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं, कारण फोटोत अण्णांच्या तोंडावर तेच होतं. मामांना ठसका लागला. माझं उत्तर तयार होतं, पण मी बोलायच्या आत अण्णा उभे राहिले.

“ते म्हणजे... आमच्या कन्येचे...” एवढं बोलून त्यांची पुस्तकी मराठी संपली. त्यांनी कपाटावरचा डबा काढला, काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, “मीबी तुमनासारखंच समजनू. आंडेरवर, सोतानी पोरवर, संशय लिन्हा. पोऱ्यासनं खेळणं शे. तिन्ही सोताना पगारमा लिन्हं, सोता बनाडं. मन्ही चूक व्हती. ती अशीच शे, आन् बेस शे.”

मग टीव्हीवरचा रुमाल त्यांनी स्वतः ओढून काढला. काकांनी डबा उलटा केला, त्यावरचं चित्र पाहिलं, मग टीव्ही पाहिला, आणि पोट हलवून हसले. म्हणाले, आमच्या घरी आला असता तर मी विहिरीत टाकला असता. हे ते अहिराणीतच म्हणाले, आणि तिथून पुढे कोणीच पुस्तकी बोललं नाही. मुलगा उठून जवळ आला. खिडकीच्या उजेडात त्याने हँडल फिरवलं, ठेंगणा माणूस एक खड्डा ओलांडून पुढे गेला. याला लाईट लागत नाही का, त्याने मला विचारलं. मी म्हटलं, म्हणूनच घेतला. तो पुन्हा फिरवायला लागला आणि अण्णा त्याला हात हळू फिरव म्हणून सांगायला लागले, नाहीतर माणूस खड्ड्यात अडकतो.

मग मुलाची आई उठली. ती टीव्हीभोवती एक चक्कर मारून आली, लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजली आणि मला म्हणाली की आमच्या घरचं शोकेस लहान आहे, लग्नानंतर हे एवढं सगळं तू कुठे ठेवणार? शोकेस मोठं करून घेऊ, हे उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं.

अण्णा हँडलवरून हात न काढता मध्येच म्हणाले, “ती ते जाईच. हाई आठेच ऱ्हाऊ द्या, मन्हाजोडे.”

होकार तोपर्यंत कोणीच दिला नव्हता. ना त्यांनी, ना आम्ही. मामा अजून देण्याघेण्याच्या बोलण्याला सुरुवात कशी करावी ते जुळवत होते. त्यांच्या बाजूने मुलाची आई लग्नानंतरचं बोलून गेली होती; मी जाणार, हे आमच्या बाजूने पहिल्यांदा अण्णा बोलले, आणि आपल्याजवळ ठेवायला त्यांनी तो टीव्ही मागितला.   ज्या स्थळासाठी मी सगळ्यांशी भांडले ते मिळाल्याचं मला असं कळलं, आणि मी भर बैठकीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, मोठ्याने रडले.